उसनं बीज, स्वतःचं पीक

नाटक ‘रूपांतरित’ आहे असं कळलं की मराठी समीक्षेचा सूर आजही थोडा उतरतो. मान ‘स्वतंत्र’ नाटकाचा. ही प्रतवारी आपल्याच रंगभूमीच्या इतिहासापुढे टिकत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. कथा कालिदासाची, साकी-दिंडी आणि कीर्तन-लावणीच्या चाली लोकांच्या तोंडी असलेल्या. तरी त्यातून संगीत नाटक नावाची परंपरा उभी राहिली.

देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. मोलिएरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक लिहिलं, मर्फीवरून देवलांनी मराठी. तसबिरीचा घोटाळा त्यांना आयता मिळाला. पण त्यांची रेवती कलावंतिणीच्या घरातली आहे. जिच्या निष्ठेवर समाजाचा आधीपासूनच विश्वास नाही, तिच्यावर घेतलेला संशय नुसता विनोदी राहत नाही. उसन्या कथानकाला इथे इथल्याच समाजाचा काटा रुततो.

शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागे (१९७०) ‘किंग लिअर’ आहे, हे कुणापासून लपलेलं नाही. लिअर राज्य वाटतो, गणपतराव बेलवलकर आयुष्याची पुंजी. पण राजाच्या जागी नट आला आणि दुःखाची जातच बदलली. घर गेल्यावर या माणसाजवळ उरतात ती जुन्या भूमिकांमधली, दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं. त्याच वाक्यांनी तो स्वतःला सावरू पाहतो. हे दुःख लिअरचं नव्हे.

उसनवारी कथेचीच असते असंही नाही. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) तेंडुलकरांनी लोकनाट्यातली गाती-नाचती रांग उचलली आणि तिची माणसांची भिंत केली. भिंत हलते, वाकते, गर्दी होते. तिच्याआड सत्ता आपलं काम उरकून घेते. आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. भक्तीसाठी घडलेला प्रकार चाळीतल्या मध्यमवर्गावर असा उलटवला, की दोन्हींकडे पाहण्याची नजर बदलते.

हे बळ अजून संपलेलं नाही. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ने पुराणातला यम आणि शाहिरी जलसा एकत्र आणून शिवाजीवर हक्क कुणाचा हा प्रश्न विचारला. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई समोरासमोर येतात. दोघी आपल्या जुन्या परिचयाच्या. त्यांचा संवाद मात्र नवा.

याच काळात दुसरा, सोपा मार्गही रुळला आहे: गाजलेलं नाव, ओळखीचा चेहरा, नवा नेपथ्यकार. पुनरुज्जीवन वाईट नाही, तालमीच्या संस्कारासाठी ते हवंच. पण जुन्या संहितेला आजचा एकही प्रश्न न विचारता केलेला प्रयोग म्हणजे नुसती जुळवाजुळव. तिथे घेतलेलं काही बदलत नाही, घेणाराही बदलत नाही.

म्हणून समीक्षेने ‘हे कुठून घेतलं?’ एवढ्यावर थांबू नये. घेतलेल्या गोष्टीला नव्या जागी काय सोसावं लागलं, आणि मूळ कृतीला जे दिसलं नव्हतं ते इथे दिसलं का, हे तिने तपासावं. या कसोटीवर ‘संशयकल्लोळ’ आणि ‘नटसम्राट’ अस्सल ठरतात. आणि स्वतंत्र म्हणून मिरवणारी, पण ठरावीक साच्यातून उतरलेली कितीतरी नाटकं उसनी ठरतात.