चौथ्या थरातली घडी

जपानमधल्या त्सुकुबाचं सुपरकेईकेबी म्हटलं की तीन किलोमीटर घेराची दोन कडी डोळ्यांपुढे येतात: एकात इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात उलट दिशेनं पॉझिट्रॉन. मला मात्र हे यंत्र भावतं ते बारीक कामासाठी, आणि त्यातली एक फार देखणी जागा मुंबईच्या हातची आहे.

आधी ऊर्जा पाहा. जुन्या केईकेबीत इलेक्ट्रॉन 8 जीईव्हीचे आणि पॉझिट्रॉन 3.5 चे, नव्यात 7 आणि 4. गुणाकार दोन्हीकडे 28! टकरीला मिळणारी ऊर्जा याच गुणाकारावर ठरते, म्हणून ती जागची हलली नाही. मग पॉझिट्रॉनांना हा वाढीव अर्धा जीईव्ही कशासाठी? दाटीवाटीच्या पुंजात कण एकमेकांवर आदळून निसटतात. ऊर्जा वाढली की ही गळती घटते. मोबदल्यात टकरीतून जन्मणाऱ्या बी मेसॉन कणांची विरण्याआधीची धाव सुमारे 200 मायक्रोमीटरवरून 130 वर आली. यंत्राची सोय झाली, तिची भरपाई डिटेक्टरनं करायची. किती समजूतदार वाटणी!

झोत भिडवण्याची रीतही अशीच. उंचीला 60 नॅनोमीटरच्या आसपास चेपलेले झोत समोरासमोर न आणता 83 मिलिरेडियनच्या कोनात तिरपे आणायचे, असा आराखडा. तिरपेपणामुळे लांबट पुंज अगदी थोड्या लांबीत एकमेकांना छेदतात. झोत कमालीचा बारीक ठेवायचा तो तेवढ्याच जागेपुरता.

भरपाईचा मोठा वाटा बेल-2 डिटेक्टरमधल्या सिलिकॉनच्या थरांनी उचलला. त्यातला चौथा थर टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या चमूनं बांधला: दहा लॅडर, म्हणजे शिडीसारख्या लांब पट्ट्या, प्रत्येकीवर सिलिकॉनचे तीन पत्रे, पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पत्र्याच्या एका अंगाला उभ्या रेघा, दुसऱ्या अंगाला आडव्या. आमच्या पैठणच्या मागावरच्या उभ्या-आडव्या धाग्यांसारख्या त्या जिथे छेदतात, तिथून कण गेला असं समजायचं. टोकांचे दोन पत्रे आपले संकेत कडेच्या पट्ट्यांकडे देतात. मधल्याला मोकळी कड नाही. संकेत लांब ओढत न्यावेत तर त्यात गोंगाट शिरतो, म्हणून संकेत वाचणाऱ्या चिप पत्र्यावरच बसवायला हव्यात. त्या दोन्ही अंगांना बसवल्या तर थंड करायला दोन नळ्या लागतील, आणि वाटेत जितकं द्रव्य तितका कण वाट सोडतो. तोड अशी: खालच्या रेघांना लवचीक पट्टी जोडायची, ती कडेवरून दुमडून वर घ्यायची. साऱ्या चिप एका ओळीत येतात, त्याही 100 मायक्रोमीटरपर्यंत घासून पातळ केलेल्या. आणि वरून कार्बन डायऑक्साइडची एकच बारीक नळी जाते. या घडीला ओरिगामी म्हणतात. चौथ्या थरात ही घडी प्रत्येक लॅडरच्या मधल्या पत्र्यालाच आहे. जिथे गरज नव्हती तिथे घातलेली नाही. मला सर्वांत आवडतो तो हा संयम.

यंत्र सुरू करतानाही तोच संयम दिसतो. 2016 च्या पहिल्या टप्प्यात टकरी नव्हत्याच, नुसते झोत फिरवले. पॉझिट्रॉनचा प्रवाह वाढवताच झोताच्या नळीतला दाब प्रमाणाबाहेर चढू लागला, झोत फुगू लागला. भोवती इलेक्ट्रॉनांचा ढग साचत होता. नळ्यांना टायटॅनियम नायट्राइडचा लेप होता. सांध्यांतल्या ॲल्युमिनियमच्या छोट्या घड्यांच्या नळकांड्यांना नव्हता. तिथे कायमचुंबक बसवले आणि ढग आवरला. इतक्या मोठ्या कड्यात दोष नेमका सांध्यात शोधणं, याला नजर लागते.

26 एप्रिल 2018 ला पहिली टक्कर झाली, तेव्हा प्रत्येक थराचा एकेकच लॅडर आत होता; उरलेल्या जागेत किरणोत्साराचे मापक. भोवतालचा मारा किती, हे कळल्यावरच मुंबईचे दहाही लॅडर आत गेले, आणि मार्च 2019 पासून ते नोंदी घेऊ लागले.