'सीएसएस झेन गार्डन' काय शिकवतं आणि काय नाही

संशोधनासाठी ऑनलाइन प्रश्नावली करायची म्हटलं की थोडंफार वेब पान स्वतः लिहिता यायला हवं. ते शिकताना कोणीतरी 'सीएसएस झेन गार्डन' बघायला सांगतंच. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. अट एकच: एचटीएमएलला हात लावायचा नाही, फक्त सीएसएस आणि चित्रं बदलायची. मजकूर तोच राहतो आणि पान ओळखू येणार नाही इतकं बदलतं. आशय वेगळा, रूप वेगळं, हे तत्त्व इतक्या सोप्या रीतीने पटवून देणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पण एकदा मूळ मार्कअप उघडून बघा. जागोजागी आयडी आणि क्लास, मजकुराभोवती जादा स्पॅन आणि शेवटी सहा रिकामे डिव्ह. त्यांना स्वतःचा अर्थ काहीच नाही. त्या डिझायनरला चित्रं टांगायला ठोकलेल्या खुंट्या. म्हणजे रूपाची सोय आशयाच्या फाइलमध्ये आधीच शिरली होती! शिवाय अनेक रचनांत शीर्षकाचा मजकूर लपवून तिथे चित्र लावलेलं. 'डिस्प्ले नन' लावून लपवला, तर तो स्क्रीन रीडरलाही मिळत नाही.

दुसरी मर्यादा मला महागात पडली. हा सगळा खेळ रूपाचा; पान वागतं कसं, हे तिथे शिकायला मिळत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नावलीतलं 'पुढे' हे बटण म्हणजे रंगवलेला डिव्ह आणि त्यावर जावास्क्रिप्टचा क्लिक. माउसने मस्त चालायचं. मग फक्त कीबोर्ड वापरणाऱ्या एका ताईंचा फोन आला, "अहो, किती वेळा टॅब दाबलं, तुमचा फॉर्म पुढे जातच नाही." साध्या डिव्हवर टॅबने फोकस येतच नाही. खरा बटण टॅग वापरला असता, तर फोकस, एंटर, स्पेस सगळं ब्राउझरने आयतं दिलं असतं. त्यांनी निदान फोन केला. गुपचूप सोडून गेलेले माझ्या डेटात कधीच दिसणार नाहीत.

तेव्हा झेन गार्डन जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. आपली प्रश्नावली पाठवण्याआधी सीएसएस बंद करून वाचा, माउस बाजूला ठेवून भरा. कोण वगळलं जातंय ते तिथेच कळेल. प्रबंधात 'मर्यादा' लिहिताना कळून उपयोग नाही.