२० चाली : काय घ्यावं, काय विचारावं

रुबिक क्यूबचं सिम्युलेशन लिहायला घेतलंय? मग रोकिकी, कोसिएम्बा, डेव्हिडसन आणि डेथरिज यांचं २०१० चं काम आधी बघा. कुठलाही क्यूब २० चालींत सुटतो, हे त्यांनी दाखवलं. काही स्थितींना २० लागतातच, हे मायकेल रीडनं १९९५ लाच सिद्ध केलेलं.

चांगल्या डेस्कटॉपला ३५ वर्षं पुरेल एवढं काम गूगलच्या यंत्रांनी केलं. पण ताकद यंत्रात नाही, प्रश्न मांडण्यात आहे. प्रत्येक स्थितीचं सर्वांत छोटं उत्तर त्यांनी शोधलंच नाही. २० च्या आतलं मिळालं की पुढे. सममिती वापरून आणि एकमेकांवर येणारे गट गाळून २२१ कोटी गटांचे साडेपाच कोटी उरले.

उणीव? २०च का, हे काही कळत नाही. शिवाय सगळी भिस्त प्रोग्रामच्या अचूकपणावर.

धर्माबादला एका लॅपटॉपवर बसून तुम्हीही हेच करा: आधी प्रश्न लहान करा, मग कोडवर संशय घ्या. सुटे तुकडे कसेही जोडले तर बारातली एकच जोडणी सुटते. तुमचं सिम्युलेशन उरलेल्या अकरा ओळखतं का? नसेल, तर नुसती फिरणारी रंगीत चित्रं म्हणजे संशोधन नव्हे.