उघड्या विटांचे सोंग

लोअर परळच्या एका को-वर्किंग जागेत मी महिनाभर टेबल भाड्याने घेतले होते. भिंतीला उघड्या विटा. नखाने खरवडले, तर कागद निघाला. वर उघडे पाइप, पिवळे दिवे. कारखान्याचे हे सोंग, तेही गिरणगावात! १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. माझे वडील त्यांतलेच एक.

जागेचे वेगळेपण विकत आणून लावता येत नाही, असे माझे मत आहे. नेदरलँड्समधील आपेलडोर्न येथे १९७२ साली हर्मन हर्ट्झबर्गर यांनी सेंट्राल बेहीर या विमा कंपनीचे कार्यालय उभारले. काँक्रीटचे ठोकळे त्यांनी मुद्दाम बोडके ठेवले. सजावट तिथे बसणाऱ्यांवर सोडली. ते कर्मचारी कायमचे होते, हे खरे. पण आज आहे, उद्या नाही, अशा भाडेकरूलाही निदान एक फळी आपली म्हणता यावी. मला तिथे खिळा ठोकायचीही मनाई होती.

वडील खंडेनवमीला मागाला झेंडूची माळ घालत. यंत्र मालकाचे, तरी ते ‘माझा माग’ म्हणत.