‘सगळे म्हणतात’ हे प्रमाण नव्हे

आता बघा, अनुकरणाला मी दोष देणार नाही. माणूस शिकतोच त्यातून, हे ॲरिस्टॉटलनं सांगून ठेवलंय. २०१७ मध्ये पबजी आला आणि ‘शंभर उतरतात, एक उरतो’ हा साचा जो तो उचलू लागला. २०२४ मध्ये पुण्याच्या सुपरगेमिंगनं ‘इंडस’ काढला: वेष भारतीय, साचा तोच. पुण्यातच झालेल्या ‘राजी’वरही (२०२०) ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची छाप आहे, पण तिथं कथा छायाबाहुल्यांतून उलगडते, घेतलेलं पचलेलं दिसतं.

आणि चाहते? ‘आपला’ म्हणून टाळ्या, नाहीतर ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणं. बहुतेकदा दोन्ही उसनं. न्यायदर्शनात प्रमाणं चार. शब्दप्रमाणालासुद्धा जाणता माणूस लागतो, बरं का, गर्दी नाही. ‘इंडस’मध्ये कॉस्मियम मिळवूनही जिंकता येतं, म्हणजे साच्याला तडा गेलाय. तो पुरेसा आहे का, हे खेळून पाहा आणि मग सांगा ना!