शंभर ग्रॅम म्हणजे किती भाकरी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये ‘इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स’ हा संदर्भग्रंथ प्रसिद्ध केला. देशभरातून नमुने गोळा करून 528 अन्नपदार्थांचे पृथक्करण त्यात दिले आहे. आहाराचा धडा शिकवताना याहून भरवशाचा आधार मिळणे कठीण. पण हा ग्रंथ ताटापर्यंत पोचत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलाचे जेवण घ्या. ग्रंथात ज्वारी आहे, भाकरी नाही. मैदा आहे, पिझ्झा नाही. 100 ग्रॅम ज्वारीत 1398 किलोज्यूल, म्हणजे सुमारे 334 किलोकॅलरी ऊर्जा. हा आकडा कोरड्या धान्याचा. भाजलेली भाकरी तोलून याच आकड्याने हिशेब केला, तर तो चुकतो. भाकरीच्या वजनात पाणीही असते आणि पाण्यापासून ऊर्जा मिळत नाही. म्हणून पीठ तोलावे. 75 ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे 250 किलोकॅलरींची, मग पाणी कितीही लागो.

दुसरी चूक नजरेची. जाडी सारखी असेल, तर 14 सेंटिमीटर व्यासाच्या भाकरीपुढे 20 सेंटिमीटरची भाकरी दीडपट वाटते. क्षेत्रफळ मात्र दुप्पट असते. सात आणि दहा इंची पिझ्झ्याचेही तसेच. तेव्हा ‘एक भाकरी’, ‘एक तुकडा’ ही मापे फसवी.

पुढच्या आवृत्तीत घरगुती मापांचे परिशिष्ट हवे. तोवर शिक्षकांनी वर्गात तराजू आणि फूटपट्टी आणावी. नाहीतर मूल पोटभर जेवते की अर्धपोटी राहते, हे आपण अंदाजानेच ठरवत राहू.