जलरंग निसर्गचित्रातील वातावरण

निसर्गचित्रात प्रहर, ऋतू, हवेतील बाष्प व प्रकाश यांच्या संयोगातून येणाऱ्या एकसंध भावप्रत्ययास वातावरण म्हणतात. पारदर्शक जलरंगांत तो मुख्यतः कागदाच्या शुभ्रतेवर अवलंबून असतो. प्रकाश पातळ रंगथरातून कागदापर्यंत पोहोचून परावर्तित होतो व चित्र आतून उजळल्यासारखे भासते. एकदा झाकलेली शुभ्रता पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून चित्राची भाववृत्ती चित्रकारास आरंभीच निश्चित करावी लागते.

ओल्या कागदावर दिलेल्या रंगांच्या कडा विरतात व त्यांतून धुके, पाऊस, दूरचे डोंगर सूचित होतात. कोरड्या कागदावरील स्पष्ट कडांमुळे जवळच्या वस्तूंना ठाशीवपणा येतो. या दोहोंच्या तोलावरच वातावरणाची सिद्धी अवलंबून असते. इंग्रज चित्रकार टर्नर (१७७५–१८५१) याने स्वित्झर्लंडमधील रिगी हा एकच पर्वत वेगवेगळ्या प्रहरी जलरंगांत रंगविला (१८४२). या चित्रांत आकार तोच राहतो. भाव मात्र प्रकाशानुसार पालटतो.

महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) शिक्षणातून जलरंगांची वास्तववादी परंपरा रुजली. आबालाल रहमान (मृत्यू १९३१) यांनी कोल्हापूरचा परिसर आत्मीयतेने रंगविला. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र निसर्गचित्र नव्हे. तथापि केवळ दिव्याच्या उजेडातून भाव साकारण्याचे जलरंगांचे सामर्थ्य त्यातून प्रत्ययास येते.

या परंपरेतील दोष म्हणजे कौशल्याचे साच्यात होणारे रूपांतर. पिवळसर आकाश, काळसर माड आणि एखादी होडी एवढ्या सामग्रीवर कोणताही किनारा रंगविता येतो. परंतु मग तो कोणत्याच गावचा राहत नाही. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील किनारा या दृष्टीने कसोटीचा ठरतो. काजळी नदीचे मुख, सुरूचे बन व उत्तरेकडील रत्नदुर्गाचा उंचवटा ही तेथील स्थिर अंगे होत. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सायंकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूत आकाश प्रतिबिंबित होते. सकाळी तीच वाळू फिकट व कोरडी दिसते. पावसाळ्यात क्षितिज नाहीसे होऊन समुद्र व आकाश एकाच करड्या छटेत विलीन होतात. त्यावेळी दमट हवेमुळे कागदही सावकाश वाळतो आणि चित्रकाराला हवी तेथे कड राखणे अवघड जाते. म्हणजे जी हवा रंगवावयाची, तीच हवा माध्यमावरही परिणाम करीत असते.

हा अडथळा ओळखून त्याचा उपयोग करणाऱ्या चित्रकारास स्थळाचा खरा भाव गवसतो; केवळ रंगसंगतीच्या ठराविक कृतीने चित्र सुखद होते, परंतु वातावरण निर्माण होत नाही. निसर्गचित्राचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक ठरते.